मखमलरावांना समोर बसून ऐकायचं आहे

२ फेब्रुवारी

मखमलराव, कशी आहे तब्येत? गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं वाचनात आलं होतं. आता जिना चढू देतो का गुडघा? वहिनींची पाठ काय म्हणते? त्यांना म्हणावं, वाकून काही उचलू नका. पाठ एकदा रुसली की तिची मनधरणी करण्यातच दिवस जातात. तुमच्या पियानोवाल्या दादांचा दमा कसा आहे? थंडीचं त्यांना जपा. व्हायोलिनवाल्यांचं बोट दारात सापडलं होतं, ते वळतं ना नीट? आणि ते म्हातारं मांजर, फोटोत कायम तुमच्या मांडीवर असतं ते, खातंपितं ना?

इकडे आम्ही बरे आहोत. थोरल्या जाऊबाईंचे गुडघे तुमच्यासारखेच, पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, दिवसभर सामानाची गाडी चालवतो, त्याला सर्दी झाली आहे. दोघे भाऊ गेले, त्यांच्या मागे आम्ही दोघी जावा आणि तो, एवढंच घर आता. माझं म्हणाल तर मी ठणठणीत. डोळे चांगले, हात चांगले, शिलाईचं मशीन चांगलं.

तुम्हाला मी एकदा खरंच पत्र टाकलं होतं. उत्तरादाखल फोटो आला, खाली सही होती, तीही छापलेली. मला राग नाही आला. इतक्या माणसांना हाताने सह्या करत बसलात तर गाणार कधी? पण तेव्हापासून तुम्हाला जे सांगायचं ते मी या वहीतच सांगते. इथे टपालखर्च नाही आणि तुम्हाला त्रासही नाही.

आज सांगायचं ते मोठं आहे. तुम्ही आमच्या गावात येताय. पुतण्याने फोनवर जाहिरात दाखवली. नगरभवनात, पंधरा मार्चला, दुपारी. खाली लिहिलं होतं, निरोपाचा कार्यक्रम. यानंतर तुम्ही गाणार नाही.

मी पडद्याला झालर लावत होते. ते वाचल्यावर झालर उलटी लावली.

३ फेब्रुवारी

काल अर्धवटच सांगितलं. तुम्ही पूर्वी एकदा इथे येऊन गेलात, तुम्हाला कशाला आठवेल. तेव्हा घरात तिकीट एकच आलं होतं आणि पुतण्या लहान होता, कोणीतरी मागे राहायला हवं होतं. मी थोरल्या बाईंना म्हटलं, तुम्ही जा. त्या गेल्या. परत आल्या, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, अगं, माणूस आहे की काय आहे.

तेव्हापासून मला काही बोलायची सोय उरली नाही. मी म्हणायचं की खिडकीच्या गाण्यात तुम्ही शेवटी जी हाक घालता ती अशी आहे, आणि लगेच त्यांनी मान हलवून म्हणायचं, टेपवर तसं वाटतं तुला, मी समोर बसून ऐकलंय. लोणी खाल्लेल्या मांजरासारखा चेहरा करून. आयुष्यभर एवढं एकच तिकीट त्यांनी माझ्या नाकापुढे नाचवलं.

तुमचं मखमलराव हे नावही त्यांचंच. रेकॉर्डच्या पाकिटावर कोणीतरी मखमली आवाज असं लिहिलं होतं, त्यावरून. चेष्टेने सुरू झालं, मग घरात तेच चालू राहिलं.

६ फेब्रुवारी

तिकिटं आली. चौथी रांग. थोरल्या बाई आधी म्हणाल्या, मला कशाला, मी ऐकलंय. मी म्हटलं, बरं, मग समोरच्या काकूंना नेते. संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी सहज विचारलं, कडेची खुर्ची आहे का गं, गुडघा लांब करायला बरं पडतं. मी हसले नाही. हसले असते तर पुन्हा नाही म्हणाल्या असत्या.

११ फेब्रुवारी

तुमची टेप झिजली हो. खिडकीच्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी तुम्ही श्वास घेता ना, तो आज आलाच नाही. तो श्वास मला गाण्याइतकाच प्रिय आहे. कोणी दारात येऊन बोलावं की नको असा थबकतो ना, तसा तो. मग तुम्ही ती लांब हाक घालता, ये. एवढंच अक्षर, आणि ते वर वर जात राहतं. त्या अक्षराने मी किती पडदे शिवले याचा हिशेब नाही. हे होते तेव्हाही, हे गेले तेव्हाही. कोणी ते अक्षर माझ्यासाठी कधी असं म्हटलं नाही. तुम्हीही माझ्यासाठी नाही म्हणत, तेवढं कळतं मला. पण बाई मशीनवर एकटी असली की कोणाला कळणार आहे की ती ते आपल्याकडे ओढून घेते.

आज श्वास नाही, आणि हाकही लांबून कोणीतरी गोधडीतून घालावी तशी. टेपच ती, किती ओढ सोसणार. आवाज चढवून ऐकलं.

१४ फेब्रुवारी

टेपरेकॉर्डर दुरुस्तीला दिला होता. दुकानदाराने परत केला. म्हणे काही झालेलं नाही, टेपही छान आहे, पैसे नकोत. हल्लीच्या पोरांना जुन्या यंत्रातलं काही कळत नाही. बोलतातही तोंडातल्या तोंडात. मला त्याला तीनदा विचारावं लागलं.

खालचे भाडेकरू वर येऊन गेले. गाणं जरा हळू लावा म्हणाले. इतकी वर्षं राहतात, आजच त्यांना गाणं टोचायला लागलं. माणसाला वयानुसार रस राहत नाही हेच खरं.

१९ फेब्रुवारी

आज फजिती झाली. हॉटेलवाल्यांचे पडदे शिवत होते, मोठी ऑर्डर. एका पडद्याची सबंध कड मशीनवरून काढली, उचलून पाहते तर टाका एकही नाही. वरचा दोरा केव्हाच तुटला होता. दोरा तुटला की मशीनचा आवाज रिता होतो, झोपेतही कळेल मला. पण माझं चित्त थाऱ्यावर कुठे? पंधरा तारखेला काय नेसावं-घालावं, तुम्ही पहिलं कुठलं गाणं घ्याल, त्यातच मी.

थोरल्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. नेहमी अशा वेळी त्या एक टोला हाणतात. आज काही बोलल्या नाहीत. किंवा बोलल्या असतील, माझं लक्ष नव्हतं.

यंदा खिडकीवर चिमण्या येत नाहीत. म्हणजे दिसतात, पण गप्प असतात.

२३ फेब्रुवारी

आज आमचं भांडण झालं. तुम्हाला सांगते, कारण भांडणाचं मूळ तुम्हीच.

मी टेप लावून बसले होते. एकदम थोरल्या बाई समोर आल्या आणि बटण बंद केलं. मी म्हटलं, असं काय करता. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसल्या, इतक्या जवळ की त्यांच्या चष्म्यात मी मला दिसत होते.

"मी मागे उभी राहून तुला हाका मारत होते."

"मग ऐकू नाही आलं, गाणं चालू होतं."

"गाणं चालू नव्हतं. टेप संपून केव्हाच नुसती फिरत होती. तू मान डोलवत होतीस."

मग म्हटलं, तुम्हाला पाहवत नाही मी जाणार आहे ते. इतकी वर्षं एकट्याने ऐकल्याचा तोरा मिरवलात, आता दोघींनी ऐकलं तर तुमचं काय उरणार? असं म्हणाले मी. त्यांनी ऐकून घेतलं. मग मोठ्याने, पण न ओरडता, म्हणाल्या, "टेप नाही झिजली, बाई. तुझे कान गेलेत. जाऊन दाखव कोणाला तरी, म्हणजे पंधरा तारखेपर्यंत काही होईल."

त्यांचा स्वभावच असा. जे असेल ते तोंडावर. यांना शेवटच्या आजारात सगळे बरे होशील म्हणत होते, तेव्हा थोरल्या बाईच म्हणाल्या होत्या, काय राहिलंय ते बायकोशी बोलून घे. मला तेव्हा राग आला होता. नंतर नाही.

जेवले नाही. पुतण्या ताट घेऊन आला आणि काहीतरी बोलला. तोंड हललेलं दिसलं.

२७ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरीण बाई तरुण आहेत, गोड आहेत. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या लावल्या, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी खूप वेळ बटण हातात धरून बसले. मला वाटलं, त्यांनी अजून सुरूच केलं नाही. बाहेर पाहिलं तर त्या लिहून घेत होत्या.

औषध नाही. बारीक आणि उंच आवाज आधी जातात, म्हणाल्या. श्वास, चिमण्या, बायकापोरांचं बोलणं. मग बाकीचे. कागदावर रेघ काढून दाखवली, टेकडीवरून घसरत जाणारी. मी विचारलं, गाणं? त्यांनी विचारलं, कोणाचं? मी तुमचं नाव सांगितलं. म्हणाल्या, माझी आजी ऐकायची. मग कानात घालायचं यंत्र घ्या म्हणाल्या, बोलणं समजेल.

मी बोलण्याबद्दल विचारलं नव्हतं.

थोरल्या बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगत नव्हते? त्यांनी माझी पिशवी घेतली आणि जिना उतरायला लागल्या, स्वतःच्या त्या गुडघ्यांनी, माझी पिशवी घेऊन.

५ मार्च

यंत्र आलं. शेंगदाण्याएवढं आहे. ते घातल्यावर काय काय ऐकू आलं म्हणून सांगू. नळ गळतो आहे. थोरल्या बाई चालताना कण्हतात, प्रत्येक पावलाला, मला माहीतच नव्हतं. पुतण्या फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात हसतो. मुलगी असावी, विचारणार नाही. चिमण्या परत आल्या.

मग मी दार लावलं आणि तुमची टेप घातली.

मखमलराव, तुम्ही पत्र्याच्या डब्यात बसून गात होता. रागावू नका. मी लगेच बंद केलं. पुन्हा लावलं. यंत्राची बारीक कळ या बाजूला फिरवली, त्या बाजूला फिरवली. डबा लहान झाला, मोठा झाला, पण डबाच. पियानो तर चमचे पडावेत तसा. मग यंत्र काढलं. तर तुम्ही पुन्हा लांब, गोधडीत. पण तुम्ही. हळूहळू सगळं जागच्या जागी आलं, श्वाससुद्धा. कुठून आलं देव जाणे.

७ मार्च

डॉक्टरीण बाईंकडे पुन्हा गेले. म्हणाल्या, गाण्यासाठी हे यंत्र तितकं चांगलं नाही, पण सवय करा, मेंदू शिकतो. किती दिवसांत, तर काही महिन्यांत.

मला आठवडा आहे.

वाचायलासुद्धा मी मोठेपणीच शिकले होते, तुमच्या पाकिटांच्या मागे गाणी छापलेली असायची त्यावरून. गाणं पाठ असायचं, अक्षरावर बोट ठेवायचं, आणि तुम्ही जिथे पोचाल तिथे बोटही पोचायचं. त्यालाही महिने लागले होते. पण तेव्हा तुम्ही कुठे जाणार नव्हता.

१३ मार्च

आज थोरल्या बाईंशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, यंत्र घालून बस. डब्यातून तर डब्यातून, पण खरं ते ऐकू येईल. तो समोर गात असताना तू डोक्यातलं काय ऐकत बसणार, मग घरी बसून टेपच लाव की, तिकिटाचे पैसे कशाला.

बरोबर आहे त्यांचं. मी तीन वेळा मनाशी म्हटलं, बरोबर आहे. पण मला खरं ऐकायचं नाहीये, मखमलराव. मला तुम्हाला ऐकायचं आहे. यात फरक काय ते मला समजावून सांगता येत नाही. तुम्ही गाणारे, तुम्हाला कळेल.

ठरवलंय, तुम्ही येईपर्यंत यंत्र घालायचं. लोकांच्या टाळ्या ऐकायच्या, पडदा सरकताना ऐकायचा (पडद्याची मला फार उत्सुकता, कोणी शिवला असेल). तुम्ही माईकशी आलात की काढायचं. थोरल्या बाईंना सांगितलं नाही.

१६ मार्च, सकाळी

काल आल्यावर लिहिता आलं नाही. आता सगळं क्रमाने सांगते.

नगरभवनाचा पडदा लाल आहे, जड, खालची कड नीट वजन घालून शिवलेली, उत्तम काम. गर्दी आमच्या वयाची. सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घातलेले, थोडे थोडे घट्ट झालेले. टाळ्या पत्र्यावर गारा पडाव्यात तशा वाजल्या. मग तुम्ही आलात. पियानोवाल्या दादांनी दंडाला धरलं होतं. तुम्ही इतके बारीक झालात? फोटोत कळत नाही. तुम्ही हात जोडून सगळीकडे पाहिलं, चौथ्या रांगेकडेही. मी यंत्र काढून पिशवीत टाकलं.

आणि ऐकू आलं.

शपथेवर सांगते. पहिल्या ओळीपासून. तुमचे ओठ हलले की गाणं सुरू व्हायचं, जसंच्या तसं, कुठे जराही इकडचं तिकडे नाही. रेकॉर्डवर जिथे तुम्ही किंचित हसता तिथे हसणं आलं. मी थोरल्या बाईंच्या हातावर टाळी दिली. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि सोडलाच नाही, सबंध कार्यक्रमभर. हाताला घाम आला होता त्यांच्या. मला वाटलं, गुडघा दुखतोय.

लोक फार भारावले होते. मधल्या गाण्यांना कोणी टाळीसुद्धा वाजवेना, माना खाली घालून ऐकत होते. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी डोळ्यांवर रुमाल धरला. दोघं तिघं उठून बाहेर गेले, त्यांना सहन झालं नसावं. मला समजतं ते. मीही घरी कितीदा अशीच उठून गेले आहे.

शेवटी खिडकीचं गाणं. तुम्ही खुर्ची मागवून घेतलीत. शेवटच्या कडव्याआधी थांबलात. पियानोवाले दादा तोच तुकडा वाजवत राहिले, पुन्हा, पुन्हा, तुमच्याकडे बघत. तुम्ही तोंड उघडलंत, श्वास आला, मला स्पष्ट आला. मग तुम्ही माईक हळूच मांडीवर ठेवलात. आणि माईक नसतानाही ती हाक वर गेली, मखमलराव. ये. छताला जाऊन भिडली. याला म्हणतात गळा. माईकची गरजच नाही.

सगळं सभागृह उभं राहिलं. व्हायोलिनवाले डोळे पुसत होते. दादा पियानो सोडून तुमच्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. तुम्ही खाली बघत होता. वर बघायला हवं होतं तुम्ही. मी उभी होते, चौथ्या रांगेत, तुम्ही ज्यांना कधी पाहिलं नाही त्या सगळ्यांसारखीच, आणि मला वाटलं, आता तरी एकदा इकडे बघावं. नाही बघितलंत. हरकत नाही.

बाहेर आल्यावर यंत्र घातलं. थोरल्या बाईंचं नाक लाल झालं होतं. मी विचारलं, "कसं झालं? खरं सांगा. तुम्ही दोन्ही वेळा ऐकलंत."

त्या पायरीवर थांबल्या. गुडघा चोळला. मला वाटलं, आता काहीतरी खोड काढणार. त्या म्हणाल्या, "तेव्हा इतकं चांगलं नव्हतं."

"खरंच?"

"मी कधी खोटं बोलले आहे का तुझ्याशी?"

नाही बोलल्या कधी. म्हणूनच मला रस्ताभर हसू येत होतं. एवढ्या वर्षांनी बाईंचा तोरा उतरला. पुतण्या गाडी चालवत होता. आरशात आईकडे बघत होता.

१८ मार्च

पुतण्या दोन दिवस वर्तमानपत्र आणत नाही. संपलं होतं म्हणतो. मला तुमच्या कार्यक्रमाबद्दल काय छापलंय ते कापून ठेवायचं होतं. समोरच्या काकूंकडे मागायला निघाले, तर थोरल्या बाई म्हणाल्या, पेपरवाल्यांना गाण्यातलं काय कळतं, बस इथे. आणि स्वतःच टेप लावायला बसल्या. त्यांनी! घरात तीच टेप सुरू झाली की दार लावून घेणाऱ्या बाई त्या. आता मशीनच्या बाजूला खुर्ची टाकतात, शेंगा सोलतात. खिडकीचं गाणं आलं की माझ्याकडे बघतात. मी मान डोलावली की त्याही डोलावतात.

टेप संपली की हाताला हात लावून मला सांगतात. यंत्र असो की नसो.

२१ मार्च

हॉटेलवाल्यांचे पडदे पूर्ण करून दिले. दोरा तुटतोय का हे आता बोटाने पाहते, कापडाखाली बोट ठेवलं की टाका कळतो.

मखमलराव, आता तुम्ही घरी असाल. सकाळी उठून गळा साफ करायची घाई नाही, गाडीची वाट पाहायची नाही. करमतं का? वहिनींना बरं वाटलं असेल, इतक्या वर्षांनी माणूस घरात. पण मला एक गोष्ट छळते. तुम्ही खाली का बघत होता? इतकं चांगलं झाल्यावर माणूस खाली बघत नाही. मी थोरल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, थकला असेल गं. तसंच असेल.

पण थकव्याशिवाय दुसरं काही मनात आलं असेल, झालं नाही चांगलं, गेलं हातातून, असलं काही, तर ते काढून टाका. चौथ्या रांगेत एक बाई होती, तिला सगळं पोचलं. एकही जागा सुटली नाही. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून उद्या ही पानं साध्या कागदावर उतरवून काढणार आहे आणि या वेळी खरंच टपालात टाकणार आहे. पत्ता बदलला नसेल अशी आशा.

या वेळी फोटो नको, माझ्याकडे आहे. फोनही नको, मला त्यावर नीट ऐकू येत नाही. दोन ओळी लिहा, स्वतःच्या हाताने, कशाही वेड्यावाकड्या. आणि लवकर लिहा.